जामखेडचा बधिर चट्टा

'दंगल'मधली छोटी बबिता, सुहानी भटनागर, २०२४ मध्ये वयाच्या १९व्या वर्षी डर्माटोमायोसायटिसने गेली. हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर पुरळ, जिना चढताना मांड्यांत जोर नाही. निदानाला रक्ततपासणी, ईएमजी, कधी स्नायूचा तुकडा काढून बघणं... म्हणजे मोठं हॉस्पिटल आलंच. वाचता वाचता भरकटलो आणि पोचलो थेट जामखेडला! (वीकेंडला दुसरं करणार काय?)

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या या दुष्काळी टोकाला काम सुरू केलं. तिथे कातडीच्या ज्या आजाराची धास्ती होती तो कुष्ठरोग. त्याचा जंतू नसांत शिरतो, मग हाताचे स्नायू वाळतात, बोटं आकडतात. वेळेत निदान झालं तर हे टळतं. पण चट्टा दाखवायला येणार कोण? घरचेच बाहेर काढतील ही भीती.

आरोळ्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. कुष्ठरोग ओळखण्याची टेस्ट मुळात साधी. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, चट्ट्यावर कापूस हलकेच टेकवायचा, कुठे लागलं ते बोटाने दाखवा म्हणायचं. गजकर्णाला खाज सुटते, कोड पांढरंफटक असतं, पण दोन्हीत स्पर्श कळतो. इथे कळतच नाही. कोपराजवळची नस जाड लागली तर शंका आणखी पक्की. ना मशीन, ना लॅब.

मला भारी वाटतं ते मात्र वेगळंच. ही बाई गावातलीच, बाळंतपणं आणि पोरांची वजनं बघत घरोघर फिरणारी. ती दारात आली म्हणून कोणी कुजबुजत नाही. सरकारी कार्यक्रमात कुष्ठरोगासाठी वेगळे कर्मचारी असायचे, ते आले की अख्ख्या वाडीला कळणार! जामखेडला कुष्ठरोगीही इतर पेशंटांसोबतच तपासले जायचे. माझ्या मते खरी चलाखी इथेच आहे.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधांच्या उपचाराची शिफारस केली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण म्हणून तो २०१९ पर्यंत शिल्लक होता.