घाटावरचं मीठ: मुळशीपर्यंत ते पोचलं कसं, आणि कर कुणी भरला?

आजच्या भागाचा विषय मीठ, आणि जागा मुळशी.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या हे लक्षातच नसतं, की आपण रोज मुळशी तालुक्यातच लॉगिन करतो. याच तालुक्याचं दुसरं टोक म्हणजे ताम्हिणी, घनगड, तैलबैला. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली कोकण पसरलेलं दिसतं. समुद्र तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. आता प्रश्न असा, की समुद्र इतका जवळ असूनही या डोंगरात मिठाचा एक खडासुद्धा का पिकत नाही? आणि पिकत नसेल, तर इथल्या माणसाच्या भाकरीतलं मीठ कुठून यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यातला सोडियम आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि दगड अगदी सावकाश विरघळवत राहतं. दगडातून सुटलेलं पोटॅशियम बऱ्यापैकी मातीत अडकतं, झाडंही ते उचलतात. कॅल्शियमचा चुना होऊन साका बसू शकतो. सोडियम मात्र कुठे थांबायला तयार नसतो, कारण त्याचे जवळपास सगळे क्षार पाण्यात सहज विरघळतात. साधं मीठच बघा ना, १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं. त्यामुळे ताम्हिणीसारख्या, राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एका ठिकाणी सोडियम टिकणार कसा? तो मुळा नदीत उतरतो, पुढे भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात जातो.

हाच दगड, पण पाण्याला बाहेर जायला वाटच नसेल तर काय होतं, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला दिसतं. उल्केच्या आघातानं तयार झालेलं ते विवर. आत आलेलं पाणी नदी होऊन बाहेर पडत नाही, उन्हानं आटतं. कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतं आणि पाण्यात मीठ, सोडा आणि खार साठत जातात. म्हणून तिथलं पाणी फक्त खारट नाही, चांगलंच अल्कधर्मी आहे, सामू १० च्या आसपास. साबण आणि काच करायला सोडा लागतो, आणि या भागात त्यासाठीचा माल मिळतो याची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. म्हणजे एकाच काळ्या दगडाच्या महाराष्ट्रात लोणारला सोडा साठला आणि मुळशीला पाटी कोरी राहिली. फरक पावसाचा आणि उताराचा.

पण शरीराला तर सोडियम लागतोच. नसांमधून संदेश जायला लागतो, अंगातलं पाणी धरून ठेवायला लागतो. नाचणी, वरई, भात, रानभाज्या यांत तो अगदी थोडा. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या घामातून तो जातो. गुरांचंही तेच. म्हणून डोंगरातला माणूस धान्य पिकवेल, दूधदुभतं करेल, पण मीठ त्याला बाहेरून आणावंच लागणार. इथे पर्याय नाही. आणि ज्या वस्तूला पर्याय नसतो, तिच्यावर कुणाची ना कुणाची नजर असतेच!

मीठ यायचं ते खालून, पेण, उरण, पनवेलकडच्या मिठागरांतून. भरतीचं पाणी बांध घालून वाफ्यात घ्यायचं आणि उन्हात आटवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण यात क्रम सांभाळावा लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खाण्याचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. पाणी आटत गेलं की आधी चुना बसतो. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम. दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं की मिठाचे खडे धरायला लागतात. शेवटी जे कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे पाणी वेळेवर काढून टाकलं तर मीठ चांगलं. लोभानं आटवत बसलं तर वजन वाढतं, पण मीठ कडवट होतं. आगरी लोकांनी हे पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी आणि जिभेनं ओळखलं. आगर म्हणजे मिठागर. ‘आगरी’ हे नावच त्यावरून आलंय, असं म्हणतात.

या कडू पाण्याचा मुळशीशी थेट संबंध आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढून विरघळायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केसुद्धा पुरतात. म्हणजे मॅग्नेशियम राहिलेलं मीठ हिवाळ्यातही ओलं राहणार, आणि मुळशीच्या पावसाळ्यात तर कुठलंच मीठ कोरडं राहणार नाही. म्हणून आगोट. पावसाळ्याआधीच्या बेगमीत डाळ-मिरचीबरोबर चार महिन्यांचं मीठही यायचंच. एकदा घाट निसरडे झाले की खालून मीठ आणणार कोण?

वाटाही ठरलेल्या. तैलबैल्याजवळून वाघजाई आणि सवाष्णी हे घाट खाली सुधागडाच्या बाजूला उतरतात, आणि तिकडे ताम्हिणी. बैलांच्या पाठीवर गोणी टाकून लमाणांचे तांडे अशा घाटांनी मीठ वर आणायचे आणि धान्य खाली न्यायचे. ‘लमाण’ हा शब्दही ‘लवण’वरूनच आला, असं बरेच जण मानतात.

मिठाचा व्यापार म्हणजे राज्याचं उत्पन्न, हे ओळखणाऱ्यांत शिवाजी महाराज होते. १६७१ साली त्यांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र लिहिलं. बारदेशात, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखात, मीठ स्वस्त पडत होतं. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वरचं मीठ पडून राहील आणि स्वराज्याची जकात बुडेल. म्हणून बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा, की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्या पत्राचा आशय. आजच्या भाषेत आयात शुल्क! आपल्या माणसाचा माल टिकावा म्हणून लावलेलं.

इंग्रजांनी मात्र उलटं केलं. कर लावला तो आपल्याच मिठागरात पिकलेल्या मिठावर. मिठाच्या राशींवर पहारा, कर भरल्याशिवाय माल हलवायचा नाही, आणि परवान्याशिवाय खारी माती उचलणंही गुन्हा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मीठ गाडीनं वर यायला लागलं. तांड्यांचं काम गेलं, कर राहिला. १९२३ साली हा कर दुप्पट करून मणाला अडीच रुपये केला गेला. कायदेमंडळाचा विरोध होता, तरी व्हाइसरॉयनं आपल्या अधिकारात तो लागू केला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. आज आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा मजुरी आण्यांत मोजली जायची. शिवाय श्रीमंत काही गरिबापेक्षा जास्त मीठ खात नाही. उलट घाम गाळणाऱ्यालाच ते जास्त लागतं.

त्याच काळात मुळशीत दुसरं काही घडत होतं. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. धरण झालंच. पूर्वेला जाणारं मुळेचं पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं गेलं. तिथून ते कुंडलिका नदीनं अरबी समुद्रात जातं. म्हणजे मुळशीच्या दगडातला थोडा सोडियम आता कोकणच्या किनाऱ्यालाही पोचतो.

मग १९३० आलं. ६ एप्रिलला दांडी, मे महिन्यात शिरोडा, पाठोपाठ वडाळ्याच्या मिठागरावर हजारो लोक. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पुढचं कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाची सवलत मिळाली, पण कुणाला? जिथे मीठ तयार होतं, त्याला लागून असलेल्या गावांना. त्यांनी घरापुरतं मीठ गोळा करावं, गावातल्या गावात विकावं. गावाबाहेरच्या माणसाला विकायचं नाही.

आता तैलबैल्याच्या कड्यावरून बघा. खाली पेणच्या खारेपाटातल्या माणसाला मीठ मोकळं झालं. वर घाटमाथ्यावरचा माणूस, ज्याच्या डोंगरात निसर्गानं सोडियम ठेवलाच नाही, तो कर भरतच राहिला. ज्याला मीठ बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, नेमका तोच सवलतीच्या रेषेबाहेर. कर पूर्ण उठला तो १९४७ साली.

म्हणून मला वाटतं, मिठाच्या सत्याग्रहाचा इतिहास किनाऱ्यावर संपवू नये, तो घाट चढून वर आणायला हवा. कराचा खरा भार कुणावर होता, हे समजायला सोडियम पाण्यात किती सहज विरघळतो ही एवढीशी गोष्ट उपयोगी पडते.

तुमच्या घरात मावळातली किंवा कोकणातली आजी-आजोबा मंडळी असतील, तर आगोटीला मीठ किती भरायचे, ते कशात ठेवायचे आणि कुठल्या घाटानं यायचं, हे विचारून आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात पापडखार आणि धुण्याचा सोडा. तोवर, काळजी घ्या!