तलवारीच्या सरावाचा खांब

तलवार हवेत फिरवणे आणि तिने अचूक वार करणे यांत मोठे अंतर आहे. हवेतील वार चुकला तरी उमगत नाही. समोर लक्ष्य असले, की पात्याच्या कोनाची तत्काळ परीक्षा होते. वेजेटियस या रोमन लेखकाने जमिनीपासून सहा फूट उंच खांबाचे वर्णन केले आहे. नवशिके सैनिक त्यावर दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीने घाव घालीत. जपानमध्ये गवती चटईची भिजवलेली गुंडाळी तोडतात. महाराष्ट्रातील मर्दानी खेळांत पट्ट्याने लिंबू कापणे ही नेमकेपणाची कसोटी मानली जाते.

सरावाचे लक्ष्य दोन प्रकारचे असते : घावाचे आणि छेदाचे.

घावाच्या लक्ष्यासाठी सरळ, भक्कम वासा दोन फूट खोल पुरून भोवती दगडमाती ठोकून बसवावा. त्यावर भाताचा पेंढा लावून वरून सुंभ घट्ट गुंडाळावा. डोके, खांदा, कंबर व गुडघा यांच्या उंचीवर खुणा कराव्यात. या खांबावर लाकडी तलवारच वापरावी. पोलादी पाते लाकडात अडकते वा उसळते आणि मनगटाला इजा होते.

छेदाच्या लक्ष्यासाठी केळीचे खोड उत्तम. मालवण तालुक्यातील कट्टा परिसरासारख्या कोकणी मुलखात ते परसातच मिळते. केळ एकदाच फळते. घड उतरवल्यावर ते खोड तोडायचेच असते. हे खोड म्हणजे लाकूड नव्हे, तर पानांच्या तळांचे एकमेकांवर बसलेले पाणीदार थर. वार अचूक असल्यास काप सपाट येतो. मनगट वळल्यास तो खोलगट होतो. कोन चुकल्यास थर फाटतात आणि खोड ढकलले जाते.

खोड उभे करण्यासाठी जड ओंडक्यात वीतभर उंचीची टोकदार बांबूची खुंटी बसवावी. लोखंडी खुंटीवर पाते पडल्यास धारेला दाते पडतात. वार नेहमी खुंटीच्या बराच वर करावा.

हा सराव जाणत्या वस्तादाच्या देखरेखीखालीच करावा. तलवारीसह पसरलेल्या हाताच्या किमान दुप्पट अंतरात कोणी उभे राहू नये. मूठ सैल असलेली तलवार मुळीच वापरू नये. केळीचा चीक आणि किनाऱ्यावरील खारी हवा यांनी पाते लवकर गंजते. सराव संपताच ते पुसून कोरडे करावे व तेलाचा हात फिरवावा.