गळलेल्या ओळीचा प्रश्न : लिनक्सच्या केयुनिटमधील कॉन्फिगरेशन-बदलांचे परीक्षण

चिखलदऱ्याचा डोंगर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या सपाटीवर रिद्धपूर वसले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गावोगाव फिरून मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. मूळ ग्रंथ परचक्रात नष्ट झाल्यावर अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला आणि भिन्न आठवणी 'वासना' म्हणून नोंदवून ठेवल्या. पाठ कोणी तपासला आणि त्यातून काय गळले, हे पाठचिकित्सेचे दोन मूलभूत प्रश्न होत. संगणकाच्या आज्ञावलीच्या इतिहासातही ते उपस्थित होतात. लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, तयार झालेले केयुनिट हे चाचणीसाधन त्याचे उद्बोधक उदाहरण आहे.

कर्नल हजारो पर्यायांतून घडविला जातो. त्यांपैकी कोणते घ्यावयाचे हे सांगणारी यादी म्हणजे कॉन्फिगरेशन. ही यादी सिद्ध करणारी केकॉन्फिग ही पद्धती रोमन झिप्पेल यांनी रचली व 2002 मध्ये ती कर्नलमध्ये स्वीकारली गेली. एखादा पर्याय ज्यांवर अवलंबून आहे ते पर्याय निवडलेले नसतील, तर यादी पूर्ण करताना ही पद्धती तो पर्याय निमूटपणे वगळते.

केयुनिटचा प्रस्ताव ब्रेंडन हिगिन्स यांनी 2018 मध्ये मांडला. जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 5.5 या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. कर्नलचे लहान घटक सुटे करून तपासणे हे त्याचे प्रयोजन. कोणत्या चाचण्या हव्यात ते एका छोट्या फाइलीत लिहितात. पायथॉन भाषेतील साधन त्यावरून पूर्ण यादी करवून घेते आणि मागितलेली प्रत्येक ओळ तीत उतरली की नाही, हे ताडून पाहते. ओळ गळली असल्यास ती दाखवून काम तेथेच थांबविले जाते. केकॉन्फिगच्या मौनावर योजलेला हा उपाय होय.

तथापि या उपायाला मर्यादा आहे. मागितलेले मिळाले नाही, हे साधनाला कळते. मागितलेच नाही, ते कळत नाही. फाइलीतून चाचणीची ओळ काढणारा बदल एकदा मान्य झाला की उरलेल्या चाचण्या यशस्वी ठरतात आणि अहवाल निर्दोष दिसतो. आज्ञावलीतील दोष चाचणीत सापडण्याची शक्यता असते. कॉन्फिगरेशनमधील दोष मात्र ती चाचणीच बाद करू शकतो. म्हणून परीक्षकाने आलेल्या ओळींइतकेच गेलेल्या ओळींकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. ओळ का गेली, तिच्यावर आणखी काय अवलंबून होते, ती चाचणी आता अन्यत्र चालते काय, हे त्याने विचारावयाचे असते.

कर्नलच्या प्रथेनुसार परीक्षकाचे नाव 'रिव्ह्यूड-बाय' या शब्दांसह बदलाच्या नोंदीत राहते. बदल योग्य असून त्यात ज्ञात दोष नाही, एवढेच मत त्यातून व्यक्त होते. ती हमी नव्हे, असे ही प्रथा स्वतःच स्पष्ट करते. नागदेवाचार्यांचा अधिकार गुरुपरंपरेतून आलेला होता, तर येथील परीक्षकाचा अधिकार समव्यवसायींच्या उघड चिकित्सेतून येतो. हा भेद महत्त्वाचा आहे. 2005 पासून गिटमध्ये कर्नलचे बदल नोंदले जात असल्याने ओळ कोणी व केव्हा काढली, हे अभ्यासकाला शोधता येते. ती का काढली, हे मात्र परीक्षकाने विचारले आणि कर्त्याने लिहून ठेवले असेल, तरच कळते.