इरेजर पोएट्री म्हणजे काय? स्त्रियांच्या विसरलेल्या लेखनाशी तिचा काय संबंध?

एखादा छापील उतारा घ्यायचा, त्यातले बरेचसे शब्द काळ्या शाईने खोडायचे आणि उरलेल्या शब्दांची कविता वाचायची. यालाच इरेजर किंवा ब्लॅकआउट पोएट्री म्हणतात. ब्रिटिश चित्रकार टॉम फिलिप्स यांनी १९६६ पासून एका जुन्या कादंबरीची पानं अशीच रंगवली.

स्त्रियांच्या लेखनाशी संबंध काय?

स्त्रियांचं लेखन इतिहासातून आधीच खोडलं गेलंय. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत स्त्रीजातीवरच टीका झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तिला उत्तर दिलं. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केलं.

मग खोडायचं काय?

ताराबाईंचं पान काळं केलं, तर त्यांना दुसऱ्यांदा पुसल्यासारखं होईल. खोडायचा तो त्यांच्याविरुद्धचा किंवा त्यांना वगळणारा मजकूर. टीकेच्या उताऱ्यातले मोजके शब्द ठेवले, तर आरोप करणाऱ्याचीच भाषा त्याच्यावर उलटते.

म्हसळ्यासारख्या गावात हे कसं करता येईल?

रायगडमधल्या या तालुक्याच्या गावासाठी मोठं ग्रंथालय लागत नाही. शाळेची जुनी स्मरणिका, संस्थेचा अहवाल किंवा लग्नपत्रिका चालेल. मूळ प्रत जपून झेरॉक्सवर काम करायचं. बाईचा उल्लेख फक्त ‘अमक्यांच्या पत्नी’ असा असेल, तर तिथूनच सुरुवात करता येते.

कविता पुरेशी आहे का?

नाही. कविता रिकामी जागा दाखवते, ती भरायला नोंद लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. म्हणून खोडलेल्या पानाशेजारी आजीकडून ऐकलेली ओवी किंवा लग्नगीत लिहावं, आणि खाली तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख टाकावी.