दुखवट्याच्या घरी चूल कोणी पेटवायची?

हिजरी सन 8, म्हणजे इ.स. 629. आजच्या जॉर्डनमधील मूता येथे मदिनेच्या लहानशा फौजेची बायझंटाईन साम्राज्याच्या प्रचंड सैन्याशी गाठ पडली. हजरत जैद बिन हारिसा, हजरत जाफर बिन अबू तालिब आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा हे तिन्ही सेनापती एकामागून एक शहीद झाले. हजरत खालिद बिन वलीद यांनी उरलेली फौज सुखरूप परत आणली, हे आपण मदरशात शिकतो. परंतु त्याच सुमारास मदिनेतील एका घरात जे घडले, त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

ते घर हजरत जाफर यांचे. हे कुटुंब कित्येक वर्षे हबशा देशात निर्वासित म्हणून राहिले होते आणि आदल्याच वर्षी मदिनेत परतले होते. त्या दिवशी जाफर यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्त उमैस यांनी पीठ मळून ठेवले होते, मुलांना न्हाऊमाखू घातले होते. प्रेषित मुहम्मद (स.) आले, मुलांना जवळ बोलावले, त्यांना कवटाळले आणि त्यांचे डोळे भरून आले. अस्मांनी ओळखले. त्यांनी हंबरडा फोडला, शेजारच्या बायका धावून आल्या. घरी परतल्यावर प्रेषितांनी जी सूचना दिली, ती साधी होती: जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर जे कोसळले आहे त्यात त्यांना दुसरे काही सुचणार नाही.

धर्मोपदेशाच्याही आधी जेवणाची व्यवस्था झाली. मळलेले पीठ तसेच राहिले असेल, मुले उपाशी राहतील, हे ज्याला कळते त्यालाच दुःख कळते.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तीन दिवसांनी प्रेषित पुन्हा त्या घरी गेले. शोक आता आवरा म्हणाले, न्हावी बोलावून मुलांचे केस उतरवले. आई मुलांच्या पोरकेपणाविषयी बोलू लागली, तेव्हा या मुलांचा पालक मी आहे, त्यांच्या गरिबीची भीती बाळगू नका, असा धीर दिला. पहिल्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी मुलांच्या भवितव्याची हमी असा हा क्रम होता.

याचे मोल समजण्यासाठी त्याआधीचा अरबी समाज पाहावा लागतो. पैसे देऊन आक्रोश करणाऱ्या बायका बोलावल्या जात. कपडे फाडणे, गाल बडवणे ही प्रतिष्ठेची बाब होती. विधवेला वर्षभर एखाद्या कोंदट खोलीत, मळक्या कपड्यांत कोंडून ठेवत. इस्लामने या प्रदर्शनाला मनाई केली आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांवर आणली (सूरह अल-बकरा, आयत 234). अश्रूंना मात्र मनाई केली नाही. इ.स. 632 मध्ये तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा प्रेषित स्वतः रडले. सोबतच्यांना नवल वाटले, त्यावर ही तर दया आहे, असे उत्तर मिळाले. एकदा कबरीपाशी रडणाऱ्या एका स्त्रीला त्यांनी सबर करण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही आणि फटकारले. ते निमूट पुढे गेले. हजरत आयेशा (रजि.) तर मैयतीच्या घरी जवाच्या पिठाची पेज, म्हणजे तलबीना, करवून घेत. तिने मनाला उतार पडतो, असे त्या सांगत.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहू. आपल्याकडेही शेजारून भाकरी येते. हिंदू शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी येते, ती सुन्नत आहे हे त्यांना ठाऊकही नसते. पण पुढे काय होते? तीजा, दहावा, चाळिसावा येतात आणि देगी चढतात. ज्या घरातला कमावता माणूस गेला, तेच घर कर्ज काढून शंभर पाने उठवते. नाही केले तर बिरादरी नावे ठेवते. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह यांच्या एका कथनानुसार, मयताच्या घरी जमून तेथे जेवणे हे सहाबा आक्रोशाचाच प्रकार मानत. अन्न घराकडे जायचे होते, ते आपण घरातून बाहेर काढले.

हे दिवस पाळण्यामागे एक चांगली गोष्टही आहे, ती नाकारता येत नाही. त्या निमित्ताने माणसे येतात आणि घर सुने पडत नाही. 2020 आणि 2021 च्या साथीत जनाजाला खांदा द्यायला माणसे नव्हती, पुरसा फोनवरच द्यावा लागला, तेव्हा माणसांच्या येण्याची किंमत सर्वांना कळली. म्हणून येणे सोडू नये, जेवणाचा भार सोडावा. चाळिसाव्याला जावे ते विधवेचे रेशनकार्ड, पेन्शनचे कागद आणि मुलांची फी यांची चौकशी करायला. जमातीच्या फंडातून देगीऐवजी वर्षभराची फी भरता येईल.

हजरत अस्मा पुढे उभ्या राहिल्या. त्यांचा निकाह हजरत अबू बकर यांच्याशी आणि त्यांच्या निधनानंतर हजरत अली यांच्याशी झाला. वैधव्याने त्यांचे आयुष्य थांबवले नाही. आणि ज्या मुलांना त्या दिवशी कवटाळले गेले, त्यांतले अब्दुल्लाह बिन जाफर मोठेपणी त्यांच्या उदारपणासाठी साऱ्या अरबस्तानात ओळखले गेले. पोरक्या झालेल्या घराला समाजाने वेळेवर हात दिला, तर त्या घरातून देणारे हात तयार होतात.