पोतोशी : रुप्याच्या डोंगराखालचे नगर

मोगल काळातील रुपया शिकविताना मी मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो. हिंदुस्थानात रुप्याच्या खाणी नाममात्र. मग सुरतेच्या टांकसाळीत एवढे रुपे आले कोठून? या उत्तराचा मोठा भाग आजच्या बोलिव्हियातील पोतोशी या नगरापाशी जाऊन पोहोचतो. तेथील रियाल स्पेन व लिस्बनमार्गे गोव्यास येत, इंग्रजांच्या जहाजांतून सुरतेस उतरत, आणि आटवून त्यांचे रुपये पाडले जात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवरील त्या उजाड, थंड माळावर १५४५ साली रुप्याची शीर सापडली आणि पाहता पाहता नगर उभे राहिले. डोंगराला नाव पडले ‘सेर्रो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर. वरच्या थरातील कसदार धातुक मात्र वीसपंचवीस वर्षांतच सरले. तेव्हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने दोन उपाय योजले. हुआंकाव्हेलिकाच्या खाणीतील पाऱ्याने हलक्या धातुकातूनही रुपे काढता येऊ लागले. आणि १५७३ च्या सुमारास ‘मिता’ लागू झाली.

ही मिता म्हणजे मूळची इंका राजवटीतील सार्वजनिक कामाची पाळी. तोलेदोने तिची वेठ केली. सोळा प्रांतांतून दरसाल सुमारे १३,००० पुरुष, म्हणजे दर सातांतील एक, बायकामुलांसह कित्येक आठवड्यांची वाट तुडवीत येत. मजुरी मिळे, परंतु तीत पोट भरत नसे. १६११ च्या सुमाराच्या गणतीत नगराची वस्ती १,६०,००० भरली. त्या काळी युरोपातील थोड्याच शहरांना ही संख्या गाठता आली असती.

ऱ्हासाचे कारण केवळ खाण आटली एवढेच सांगणे मला पुरेसे वाटत नाही. उत्पादनाची परमावधी १५९२ च्या सुमारास झाली खरी. पण मितेची सक्ती मूळ गावच्या रहिवाशावरच असल्यामुळे माणसे गाव सोडून परप्रांती ‘उपरी’ होऊ लागली. गावे ओस पडली, तरी ठरलेला आकडा उतरेना. मग गावचे प्रमुख माणसांऐवजी रोकड भरू लागले. त्यातच १६२६ साली तलावाचा बांध फुटून धातुक कुटण्याच्या गिरण्या वाहून गेल्या, आणि १६४० नंतरच्या दशकात टांकसाळीतील भेसळ उघडकीस आल्याने पोतोशीच्या नाण्याची पत गेली.

१८२५ साली बोलिव्हार त्या डोंगरावर चढला, तेव्हा खाली जेमतेम दहा हजारांची वस्ती उरली होती. पुढे कथिलाने नगराला काही काळ तगविले. पोखरलेल्या डोंगराचे शिखर २०११ मध्ये खचले. तरीही खाणकामगार त्याच्या पोटात उतरतातच.