कापडाची जीभ

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या गांवाचें नांव महाराष्ट्रास ठाऊक झालें, तें कापडाच्या एका प्रसंगामुळें. या गांवचा तरुण गिरणी-कामगार बाबू गेनू सैद हा १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस विलायती कापडाच्या लॉरीपुढें आडवा झाला व तिच्याखालीं चिरडून मरण पावला. परंतु याच मुलखाचें कापडाशीं दुसरेंहि एक नातें आहे, आणि तें हंसतें-खेळतें आहे. तमाशाच्या फडांचें माहेरघर म्हणून नांवाजलेलें नारायणगांव येथून फार दूर नाहीं. जत्रेचे दिवस आले, कीं या पट्ट्यांत गांवोगांव कनात लागते. गण आटोपून गौळण उभी राहिली, म्हणजे एक पुरुष डोक्यावरून पदर ओढून घेतो आणि त्याच क्षणीं गौळणींची ‘मावशी’ होतो.

एके काळीं तमाशांतील सर्वच स्त्रिया अशा कापडानें घडलेल्या असत. नाच्या पोऱ्या लुगडें नेसून उभा राही. पुढें पवळा आली, नारायणगांवच्या विठाबाई (१९३५–२००२) यांनीं तर फड गाजविले. तरी मावशी मात्र बहुधा पुरुषच राहिली. याचें कारण तिच्या कामांत आहे. मथुरेच्या वाटेवर आडव्या आलेल्या प्रत्यक्ष कृष्णाला ती खडसावून विचारते, ‘तूं कोण रे बाबा?’ पदराखालचा माणूस हा प्रेक्षकांपैकींच एक आहे, हें सर्वांना दिसत असतें. पण पदर डोक्यावर असेतों त्याच्या बोलण्याचा राग धरावयाचा नाहीं, असा संकेत आहे. 

या पदराला टांका नाहीं कीं टीप नाहीं. सह्याद्रीचा घाट उतरून कोंकणांत गेलें, म्हणजे याच कामासाठीं मुद्दाम शिवलेलें कापड दृष्टीस पडतें. तें संकासुराचें. वेद पळविणारा व मत्स्यरूपी विष्णूकडून मारला जाणारा पुराणांतील शंखासुर तो हाच. दक्षिण कोंकणच्या दशावतारांत गणपति, ऋद्धिसिद्धि, सरस्वती, ब्रह्मदेव अशीं पात्रें येऊन गेलीं, कीं हा येतो. आणि रत्नागिरीकडे शिमग्यांत खेळ्यांबरोबर दारोदार हिंडतो.

त्याचा सगळा वेष काळा. अंगांत पायघोळ अंगरखा, आणि डोक्यावरून गळ्याखालीं उतरणारा, पिशवीसारखा शिवलेला बुरखा. त्यावर पांढरे डोळे, आणि तोंडाच्या जागीं लोंबणारी लालभडक जीभ. शिवणाराचें कसब या जिभेंतच दिसतें. ती चारी बाजूंनीं टीप घालून बसविली, तर नुसतें ठिगळ होईल. म्हणून ती वरच्याच टोकाला टांचावयाची व बाकीची मोकळी सोडावयाची. मग मान हलली कीं ती लवलवते, आणि पोरें आईच्या पदराआड पळतात.

दशावतारांतील गणपतीचा मुखवटा लांकडी असतो. गणपतीला तो चालतो. कारण त्यानें यावें, नाचावें आणि आशीर्वाद द्यावा, एवढेंच त्याचें काम. संकासुराला मात्र नाचतां नाचतां सूत्रधाराशीं हुज्जत घालावयाची असते. लांकडाआड त्याचा श्वास कोंडेल व शब्द घुमेल. सुती कापडांतून दोन्ही बाहेर येतात. आणि बाहेर येते ती मालवणी बोली. देवादिकांच्या भारदस्त मराठीपुढें हा आपल्या गांवच्या भाषेंत नको ते प्रश्न विचारतो, आणि सारें गांव खदखदून हंसतें. 

शहरच्या रंगभूमीवरहि एके काळीं राक्षसांचा दबदबा होता. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें. त्यानंतरच्या पौराणिक खेळांत राक्षसांच्या आरोळ्यांनीं नाटकगृह दणाणून जाई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ उभें राहिलें आणि रसिकांची अभिरुचि पालटली. राक्षस मागें पडले. नाटकवाल्यांचा पैसा शालू-पैठण्यांकडे वळला. सुशिक्षितांनीं काळा बुरखा गांवंढळ ठरविला. पण त्याबरोबर बुरख्याआडच्या माणसाचा हक्कहि आपण टाकून देत आहों, हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

आज बाजारांत रबरी मुखवटे आयते मिळतात, आणि भय उत्पन्न करण्यास ते पुरेसे आहेत. परंतु त्यांची जीभ हलत नाहीं, व आंतल्या माणसाचा शब्दहि नीट ऐकूं येत नाहीं. ज्याला नुसतें भिववावयाचें आहे, त्याचें त्यावर भागेल. ज्याला बोलावयाचें आहे, त्याला सुई-दोरा घेऊन बसावेंच लागेल.

विष्णु संकासुराला मारणार, हें खेळ सुरू होण्यापूर्वींच सर्वांना ठाऊक असतें. तरीहि त्याला आधीं पोटभर बोलूं देतात. तो पडतो, बुरखा निघतो, आंतून ओळखीचा शेजारी घामाघूम होऊन बाहेर येतो. आणि ती काळी पिशवी, उसवली असेल तेथें टांका घालून, पुढच्या वर्षासाठीं घडी करून ठेवली जाते.